पालीला समुद्र कुठंय हो?

बल्लाळेश्वराच्या पालीला दर वीकेंडला गाड्या भरभरून पब्लिक जातं. सोबत गैरसमजही भरभरून नेतं. त्यातले काही नुसते हसण्यासारखे, एखादा मात्र थेट जिवाशी गाठ घालणारा!

शुक्रवार, दुपारचे चार. बॉस मीटिंगमध्ये आहे आणि सगळ्या क्युबिकल्समध्ये एकच विषय फिरतोय, वीकेंडचा प्लॅन. कुणीतरी म्हणतं, ‘‘पालीला जाऊ या?’’ की लगेच सुरू. ‘‘रायगड ना? म्हणजे बीच! शॉर्ट्स घेतो.’’ ‘‘छे रे, ते देवाचं आहे. आई-बाबांना घेऊन जायचं ठिकाण.’’ ‘‘दर्शन झालं की अर्ध्या तासात काम खल्लास. मग दिवसभर करायचं काय?’’

गंमत बघा. बाली किंवा बँकॉकला जायचं असेल तर आपण महिनाभर आधी होमवर्क करतो. हवामान बघतो, कुठे काय खायचं ते लिहून ठेवतो, तिथल्या देवळात काय घालून जावं हेसुद्धा वाचतो. पण मुंबई आणि पुणे दोन्हीकडून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेलं गाव? ते तर आपलंच! त्याच्याबद्दल काय वाचायचं? परदेशाबद्दल आपल्याला माहीत नसतं आणि ते आपल्याला ठाऊक असतं. घराजवळच्या गावाबद्दल मात्र माहीत नसूनही माहीत असल्यासारखं वाटतं. पालीचं नेमकं हेच झालंय. म्हणून हा सगळा गैरसमजांचा गठ्ठा एकदा सोडून बघू या.

गैरसमज १ : कोकण आहे म्हणजे समुद्र असणारच

नाही हो! पाली हे रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्याचं मुख्य गाव. ते किनाऱ्यावर नाही, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. इथे पाणी आहे ते अंबा नदीचं. ही नदी घाटातून उतरते, जांभूळपाड्यावरून पालीकडे येते, पुढे नागोठण्याला वळसा घेऊन धरमतरच्या खाडीला मिळते. अलिबाग, रेवदंडा, काशीद ही मंडळी पालीहून गाडीने आणखी दीड-दोन तास लांब. ‘सकाळी दर्शन, दुपारी समुद्रात डुंबणं’ असा प्लॅन आखणाऱ्यांचा रविवार गाडीत बसूनच संपतो.

समुद्राबरोबर सुरमई थाळीचं स्वप्नही येतंच. पालीतल्या देवळाजवळच्या खानावळीत सुरमई शोधणं म्हणजे आळंदीत तंदुरी चिकन विचारण्यासारखं. हा भाताचा मुलूख. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कुळथाचं पिठलं ही इथली खरी चव. आणि डिसेंबर-जानेवारीत आलात, कुणाची ओळख असली, तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन. तोंडाला पुन्हा पाला दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. भांबुर्ड्याच्या वासाची ती शेंग खाल्ल्यावर बार्बेक्यूचं कौतुक आपोआप कमी होतं!

गैरसमज २ : फोनवर ‘पाली’ टाकलं की पोहोचलो

कुठल्या पालीला? वांद्र्याची पाली हिल आहे, उत्तनजवळ पाली आहे, रत्नागिरीत मुंबई-गोवा महामार्गावर पाली आहे आणि राजस्थानात तर अख्खा पाली जिल्हा आहे. त्यामुळे शोधताना ‘पाली सुधागड’ किंवा ‘बल्लाळेश्वर पाली’ असंच टाका.

त्याहून मोठा घोळ पुढे आहे. पालीबरोबर लोक दुसरा अष्टविनायक जोडतात, तो वरदविनायक. त्याचं गाव महड, खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात. आणि चवदार तळ्याचं, रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं ते महाड, सावित्री नदीकाठचं. एका कान्याचा फरक, पण रस्त्याने अंतर शंभर किलोमीटरच्या वर! इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग सारखंच होतं, त्यामुळे फोनलाही दोष देता येत नाही.

आणखी एक. पालीला रेल्वे स्टेशन नाही. लोकलने खोपोली किंवा पनवेल-रोहा मार्गावरचं नागोठणे गाठायचं, तिथून एसटी वा रिक्षा. स्वतःची गाडी असेल तर एक्स्प्रेस वेवरून खोपोलीला उतरून पाली फाट्याने या, नाहीतर मुंबई-गोवा महामार्गाने पेण, नागोठणे करत वाकण फाट्यावरून वळा.

गैरसमज ३ : दर्शन घेतलं, पाली झाली

हा सगळ्यात कॉमन. अष्टविनायकाची पॅकेज टूर दोन दिवसांत आठ गणपती उरकते. पाच पुणे जिल्ह्यात, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि पाली, महड ही दोन रायगडात. या धावपळीत पालीच्या वाट्याला येतात जेमतेम चाळीस मिनिटं. त्यातली निम्मी चपला शोधण्यात जातात.

पण त्या चाळीस मिनिटांतही काय राहून जातं ते ऐका. आठांपैकी हा एकच गणपती भक्ताच्या नावाने ओळखला जातो. गोष्ट अशी सांगतात, की पल्लीपूर गावातल्या कल्याणशेठ नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ. सवंगड्यांना गोळा करून रानात एका दगडालाच गणपती मानून पूजा करत बसायचा. पोरं घरी वेळेवर येईनात, तेव्हा गावकऱ्यांनी कल्याणशेठकडे तक्रार केली. बाप चिडला. पूजा मोडली, तो दगड भिरकावून दिला आणि पोराला मारून झाडाला बांधून ठेवलं. मग ब्राह्मणाच्या रूपात गणपती आला आणि बल्लाळाच्या नावाने तिथेच राहिला.

आता यातली खरी गंमत. बापाने जो दगड भिरकावला, तो म्हणजे मुख्य देवळामागचा धुंडीविनायक. आणि प्रथेप्रमाणे आधी पूजा त्याची, मग बल्लाळेश्वराची. फेकून दिलेल्याला पहिला मान! पॅकेज टूरवाले नेमकं हेच देऊळ गाळून परततात.

गणपती म्हणजे मोदक हा आणखी एक समज. इथे नैवेद्याला मान बेसनाच्या लाडवाचा. दगडी देऊळ पेशवाईतलं, अठराव्या शतकातलं. आधीचं लाकडी होतं. देवळातली घंटाही नीट बघा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठा मुलखातल्या बऱ्याच देवळांत गेल्या. पालीची घंटाही त्यातलीच असल्याचं सांगितलं जातं. म्हणजे पोर्तुगीज घंटेचा नाद आणि बल्लाळेश्वराची आरती. फ्यूजन म्हणजे आणखी काय असतं राव?

गैरसमज ४ : देवळामागे आहे तो नुसता डोंगर

फोटोत बॅकग्राउंडला येतो तो कातळाचा राकट सुळका म्हणजे सरसगड. आकार पगडीसारखा, म्हणून ‘पगडीचा किल्ला’ हेही त्याचं नाव. गावातूनच वाट सुरू होते, त्यामुळे ‘चल, पटकन जाऊन येऊ’ म्हणणारे खूप. वाटेत मग कातळात खोदलेला जिना लागतो. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच आणि चढ असा, की मान वर करून बघावं लागतं. जिममध्ये ट्रेडमिलवर पळणाऱ्या भल्याभल्यांची इथे बोलती बंद होते. चपला, सँडल, फॉर्मल शूज घालून जाऊ नका. वर पोहोचलात की कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात, आणि चारी बाजूंना सह्याद्री, अंबेचं खोरं, सुधागड. तिथे उभं राहिलं की या गावाची जागा इतकी मोक्याची का ते लगेच कळतं.

गैरसमज ५ : इतिहास घडला तो रायगडावर, इथे काय?

हा गैरसमज जरा निवांतपणे सोडवू. पालीहून काही किलोमीटरवर सुधागड आहे. जुनं नाव भोरपगड. महाराजांनी तो स्वराज्यात आणल्यावर त्याचं नाव सुधागड झालं. वर भलंमोठं पठार, भोराई देवीचं देऊळ, पंतसचिवांचा वाडा आणि रायगडाच्या महादरवाजाची आठवण करून देणारा महादरवाजा.

आता १६८१ सालात चला. जानेवारीत संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच महिन्यात तिकडे राजस्थानात औरंगजेबाचा मुलगा अकबर याने बापाविरुद्ध बंड पुकारलं. ते फसलं आणि दुर्गादास राठोडाच्या सोबतीने तो आश्रयाला आला तो थेट या भागात. सुधागडाच्या पायथ्याशी त्याची छावणी पडली. इथलं पाच्छापूर हे गाव आहे ना, ते मूळचं ‘पादशाहपूर’ असं मानतात. तिथेच नोव्हेंबर १६८१ मध्ये संभाजीराजे आणि अकबर यांची भेट झाली.

मधल्या काळात याच परिसरात एक भीषण प्रकरण घडलं. राजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस अशा बड्या मंडळींना देहदंड झाला. परंपरा सांगते की त्यांना हत्तीच्या पायी दिलं. ही जागा सुधागडाजवळच्या औंढे गावाजवळची मानतात. कादंबऱ्यांत, मालिकांत, सिनेमांत हा प्रसंग आपण पाहिलेला असतो. तो घडला ते रान मात्र आपण ‘पुढचं टॉयलेट किती लांब?’ विचारत पार केलेलं असतं!

याच वर्षी औरंगजेब स्वतः दक्षिणेकडे निघाला. तो पुन्हा उत्तरेत परतलाच नाही, १७०७ मध्ये अहमदनगरजवळ गेला. त्याचा मुलगा पुढे समुद्रमार्गे इराणला निघून गेला. एवढ्या मोठ्या नाट्याचा एक अंक या आडबाजूच्या खोऱ्यात रंगला होता.

आणखी एक चकवा. पाली कायमच रायगड जिल्ह्यात होती असं वाटतं, पण तसं नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत पाली आणि सुधागड घाटावरच्या भोर संस्थानात होते. भोरचे पंतसचिव इथले राजे. मग ती कुलाबा जिल्ह्यात आली आणि १९८१ मध्ये कुलाब्याचंच नाव रायगड झालं. म्हणून पालीची नाळ जितकी कोकणाशी, तितकीच घाटाशीही.

गैरसमज ६ : लेणी बघायला कार्ल्याला जायचं

कार्ला-भाजे झकासच, वादच नाही. पण सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे अशा दोन ठिकाणी जुनी बौद्ध लेणी आहेत. दोन्ही हीनयान पंथाची, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. ठाणाळ्यात वीसहून जास्त, खडसांबळ्यात त्याहूनही अधिक. रानात का कोरली असतील? कारण तेव्हा ते रान हायवे होता! चौल हे मोठं बंदर. तिथला माल बैलांच्या पाठीवरून अंबेच्या खोऱ्यात यायचा आणि सवाष्णी, वाघजाई अशा घाटवाटांनी वर देशावर चढायचा. व्यापारी जिथून जात, तिथे मुक्काम आणि दानधर्म असे. लेणी त्याच वाटांवर आली.

इथे तिकीट खिडकी, कॅफे असलं काही नाही. ठाणाळ्याची वाट जंगलातून जाते आणि फाटे खूप फुटतात. गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे कंजूषपणा न करता द्या. सुधागड तालुक्यात ठाकर आणि कातकरी वस्त्या बऱ्याच आहेत. कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर पोराबाळांसकट वीटभट्टीच्या, कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या पोरांची शाळा त्यात बुडते. आपल्या एका वीकेंडने हे सगळं बदलणार नाही, कबूल. पण चाळीस मिनिटांत उलटं फिरणाऱ्या गाडीतून गावात काय उतरतं? पार्किंगचे पैसे आणि वेफर्सची पाकिटं. मुक्काम केलात, गावात जेवलात, वाटाड्या घेतलात, तर हिशोब थोडा तरी बरा होतो.

गैरसमज ७ : उन्हेऱ्याला खाली ज्वालामुखी आहे!

पालीपासून तीनेक किलोमीटरवर उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. ‘खाली लाव्हा उकळतोय’ ही थिअरी तिथे हमखास ऐकू येते. घाबरू नका. आपला सह्याद्री लाव्ह्याचाच बनलाय हे खरं, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. आता इथे जागा ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खूप खोल जातं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा झऱ्यांची रांगच कोकणात आहे, वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून थेट राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत.

‘एका डुबकीत सगळे त्वचारोग गायब’ हा उपसमज. गरम पाण्यात अंग सैलावतं, ट्रेकनंतर तर स्वर्गच. पण त्वचेवर जखम किंवा इन्फेक्शन असेल तर डॉक्टरकडे जा, कुंडात उतरू नका. तुमच्यासाठीही आणि तुमच्यानंतर उतरणाऱ्यासाठीही. साबण-शॅम्पू तर गाडीतच ठेवा.

गैरसमज ८ : पावसाळ्यात कोकण म्हणजे नुसती धमाल

आता जरा सीरियस. हिरवागार डोंगर, धबधबा, गरमागरम भजी, सगळं मान्य. पण पाली सह्याद्रीच्या अगदी कुशीत आहे, हे इथे विसरून चालत नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की ते पाणी उभ्या उतारांवरून फार कमी वेळात अंबेत येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर काय चाललंय ते तुम्हाला दिसत नसतं. पायाखालचा ओढा घोट्यापासून कमरेपर्यंत चढायला तुमच्या सेल्फीएवढाच वेळ पुरतो.

खोपोलीहून पालीला येताना रस्त्यात जांभूळपाडा लागतं. आपल्यासाठी ते चहाला थांबायचं गाव. जुलै १९८९ मध्ये अंबेला आलेल्या महापुराने हे गाव उद्ध्वस्त केलं, कितीतरी माणसं वाहून गेली. ज्या घरांतली माणसं गेली, त्यांच्यासाठी पावसाळा हा ‘सीझन’ नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्रीच्या पुरात गेला आणि त्यावरच्या एसटी बसही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्रीत दरडीखाली गेली. ही सगळी ठिकाणं याच जिल्ह्यातली, याच डोंगररांगेच्या पायथ्याची. वाकण-पाली रस्त्यावर अंबेच्या पुराने वाहतूक थांबण्याचे प्रसंगही अनेक पावसाळ्यांत आलेत.

म्हणून नियम सोपे ठेवा. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर प्लॅन कॅन्सल, ग्रुपमध्ये कुणी कितीही चिडवलं तरी. धबधब्यांवर, धरणांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, ते वाचा आणि पाळा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ‘एसयूव्ही आहे, जाईल’ हा डायलॉग मारू नका. आणि गावातला माणूस ‘आज वर नका जाऊ’ म्हणाला, तर तो तुमची मजा बिघडवत नसतो. त्याने ती नदी जन्मभर पाहिलेली असते.

आणि हो, उन्हाळ्यातही ‘कोकणात गार असेल’ म्हणून येऊ नका. पालीजवळच्या भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद देशभर गाजली होती. मे महिन्यातल्या भर दुपारी सरसगडाचा कातळ चढणं हा पराक्रम नाही, वेडेपणा आहे.

मग जायचं कधी आणि कसं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. शनिवारी पहाटे निघा, आधी धुंडीविनायक मग बल्लाळेश्वर, ऊन चढायच्या आत सरसगड. दुपारी गावात जेवण आणि थोडी झोप, संध्याकाळी उन्हेरे. रविवारचा दिवस एकाच गोष्टीसाठी राखून ठेवा, सुधागड किंवा ठाणाळे. दोन्ही एका दिवसात कोंबलं तर पुन्हा पॅकेज टूरच झाली. भाद्रपद आणि माघातल्या गणेशोत्सवाला, अंगारकीला, लाँग वीकेंडला गर्दी तुफान असते, तेव्हा निवांतपणा शोधू नका. गड उतरताना कचरा सोबत खाली आणा. परतताना बाजारातून कोकम, पापड, कुळथाचं पीठ घ्या, सोमवारचा डबा सुधारेल.

शॉर्ट्स न्यायला हरकत नाही. फक्त समुद्र विचारू नका!